गोळी पोटात जाते... पण पोहोचते का?

इन्सुलिनच्या सुईऐवजी गोळी कधी येणार, हा मधुमेही माणसाचा डॉक्टरांना ठरलेला प्रश्न. या गोळीसाठी बंगळुरूत वर्षानुवर्षं खटपट झाली. ती नेमकी अडली कुठे, आणि गवार, चिंचोके, समुद्रशेवाळ यांचा या सगळ्याशी संबंध काय, त्याची ही हकीकत.

मटण लवकर शिजावं म्हणून त्याला कच्च्या पपईचा कीस चोळून ठेवायची युक्ती अनेक घरांत ठाऊक असते. पपईच्या चिकात पपेन नावाचं एन्झाइम असतं. मांसातल्या प्रथिनांचे लांबलचक धागे ते कात्रीसारखं कापत जातं आणि चिवट मटण मऊ पडतं.

१९७८ साली तेव्हाच्या बंगलोरमध्ये पंचवीस वर्षांच्या एका मुलीने हेच पपेन काढून विकायचा धंदा सुरू केला. भाड्याच्या घराचं गॅरेज हाच कारखाना आणि भांडवल दहा हजार रुपये. मुलीचं नाव किरण मजुमदार. वडील बिअरच्या कारखान्यात मुख्य ब्रूमास्टर होते. मुलीनेही ऑस्ट्रेलियात जाऊन तेच शिक्षण घेतलेलं. पण बिअरच्या कारखान्याची सूत्रं एका बाईच्या हाती द्यायची कुणाची तयारी नव्हती. नोकरी मिळेना, तेव्हा एका आयरिश कंपनीशी भागीदारी करून तिने बायोकॉन काढली. तिचं पपेन परदेशी जायचं. बिअर गार केल्यावर गढूळ दिसू नये म्हणून त्यातली प्रथिनं तोडायला ते वापरत.

पुढे हीच कंपनी औषधांत उतरली. २००४ मध्ये तिने यीस्टकडून तयार करून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आणलं. मग कंपनीने मनावर घेतलं ते इन्सुलिनची गोळी करायचं! आता गंमत बघा. इन्सुलिन हेही एक प्रथिनच. आणि आपल्या पोटात पपेनची भावंडं शोभतील अशी एन्झाइम्स ठाण मांडून बसलेली. ज्या कात्रीच्या जोरावर कंपनी उभी राहिली, तशाच कात्र्यांपासून आता आपला माल वाचवायची पाळी आली.

सुईच का?

इन्सुलिन १९२२च्या जानेवारीत पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं. कॅनडातल्या टोरोंटोमध्ये, लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला. त्याला शंभर वर्षं उलटून गेली. इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून यायचं ते जिवाणू आणि यीस्टकडून येऊ लागलं, काचेच्या जाड सिरिंजची जागा पेनने घेतली, सुई केसासारखी बारीक झाली. पण सुई काही गेली नाही.

ती न जाण्याची किंमत घराघरांत मोजली जाते. टाइप वन मधुमेह झालेल्या मुलाला निदान झालं त्या दिवसापासून इन्सुलिन लागतं, तेही दिवसातून अनेकदा. शाळेच्या डब्याबरोबर इन्सुलिनचं पेनही दप्तरात जातं. मोठ्या माणसांची तऱ्हा वेगळी. ‘आता गोळ्यांनी भागत नाही, इन्सुलिन सुरू करू,’ असं डॉक्टर म्हणाले की ‘पुढच्या वेळी बघू’ असं म्हणत महिनेच्या महिने ढकलणारे आजोबा बहुतेकांच्या नात्यात सापडतील. तेवढ्या काळात वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा पोखरत राहते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. या सगळ्यांना इन्सुलिन लागत नाही. पण ज्यांना लागतं त्यांतले कितीतरी जण निव्वळ सुईच्या धास्तीने मागे राहतात.

मग इन्सुलिन गिळलं तर काय होतं? काहीच होत नाही, हीच तर अडचण! इन्सुलिनच्या एका रेणूत ५१ अमिनो आम्लं माळेसारखी ओवलेली असतात. जठरात गेल्याबरोबर आम्ल आणि पेप्सिन या माळेवर तुटून पडतात. त्यातून वाचलेलं पुढे लहान आतड्यात ट्रिप्सिनच्या तावडीत सापडतं. इन्सुलिन आणि उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग यांत पोटाला काही फरक कळत नाही. दोन्ही पचवायचे, एवढंच त्याला ठाऊक.

समजा, थोडं इन्सुलिन बचावलं, तरी पुढे आतड्याची भिंत आहे. तिच्यावर बुळबुळीत चिकट थर असतो आणि तो सतत धुऊन निघून नवा येत असतो. त्याखाली पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या की इन्सुलिनएवढा मोठा रेणू मधून घुसू शकत नाही. आणि हे चांगलंच आहे. ही भिंत गळकी असती, तर रोजच्या जेवणातले जंतू थेट रक्तात गेले असते.

तरीही या वाटेचा मोह सुटत नाही, त्याला कारण आहे. निरोगी माणसाचं स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं ते आधी यकृताकडे जातं आणि मग उरलेल्या शरीराकडे. टोचलेलं इन्सुलिन आधी सगळ्या शरीरात पसरतं. आतड्यातून शोषलेलं इन्सुलिन मात्र निसर्गाच्याच रस्त्याने, यकृतातून जाईल. म्हणजे सवाल नुसता सुई टाळण्याचा नाही.

गोळीचा अंगरखा

पोटाला चकवायचे प्रयत्न इन्सुलिनपेक्षाही जुने आहेत. १८८४ मध्ये पॉल उना या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने गोळ्यांना केराटिनचा लेप द्यायचं सुचवलं. केराटिन म्हणजे आपली नखं, केस आणि जनावरांची शिंगं ज्याची बनतात ते. जठरात लेप टिकावा आणि आतड्यात गोळी उघडावी, असा हिशेब. पुढे लाख वापरली गेली. मग आलं सेल्युलोज, झाडांच्या पेशींच्या भिंती ज्याने बनतात तो पदार्थ. त्यावर रासायनिक प्रक्रिया करून असे लेप तयार झाले, की जे जठराच्या आम्लात दार बंद ठेवतात आणि आतड्यातलं आम्ल कमी झालं की विरघळतात. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीने कॅप्सूलमध्ये शेकडो बारीक रंगीत दाणे भरले. काहींवर पातळ लेप, काहींवर जाड. पातळवाले आधी फुटणार, जाडवाले तासांनंतर. एकदा गिळलेली कॅप्सूल दिवसभर पुरू लागली.

याच घराण्यातली गोळी आज अनेकांच्या घरात रोज घेतली जाते. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर अशी अक्षरं असतात ती. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनची अशी गोळी घेणाऱ्या कुणीतरी कधीतरी घाबरून डॉक्टरांना सांगितलेलं असतं, ‘गोळी विरघळतच नाही हो, सकाळी तशीच्या तशी बाहेर पडली!’ काळजीचं कारण नसतं. ती गोळी नव्हे, तिचं टरफल. सेल्युलोजपासून केलेला एक पदार्थ त्यात असतो. हायड्रॉक्सिप्रोपिल मिथाइल सेल्युलोज हे त्याचं नाव भारदस्त, पण मूळ लाकडाच्या नाहीतर कापसाच्या तंतूतलं. पाणी लागलं की तो फुगून लिबलिबीत होतो आणि औषध त्यातून हळूहळू पाझरतं. औषध संपलं की उरलेला मऊ सांगाडा शरीर बाहेर टाकतं.

पण म्हणूनच एक चूक फार महागात पडू शकते. गिळता येत नाही म्हणून म्हाताऱ्या माणसाला गोळी कुटून मधातून देण्याची आपल्याकडे सवय आहे. एसआर गोळी कुटली की तिचा अंगरखाच फाटतो आणि दिवसभराचं औषध एकदम अंगावर येतं. रक्तदाबाच्या किंवा झटक्यांच्या औषधात असं झालं तर जिवावरही बेतू शकतं. काही गोळ्या मधल्या रेघेवर अर्ध्या करता येतात, काही मुळीच नाही. ते औषधाच्या दुकानात किंवा डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. गिळणं जमतच नसेल, तर बरेचदा त्याच औषधाचं पातळ रूप मिळतं.

गवारीच्या बिया आणि गॅमा कॅमेरा

पाणी लागताच फुगून बुळबुळीत व्हायचा हा गुण स्वयंपाकघराला नवा नाही. इसबगोल, सब्जा, आळीव भिजवले की हेच होतं. भेंडी चिरताना हाताला लागतो तोही त्यातलाच प्रकार. हे सगळे वनस्पतींनी बनवलेले पॉलिमर, म्हणजे साखरेचे छोटे रेणू एकापुढे एक जोडून झालेल्या लांबच लांब साखळ्या. औषधशास्त्रातल्या मंडळींनी यातलं जवळजवळ काहीही सोडलेलं नाही. चिंचोक्यांची खळ पूर्वी कापडाला द्यायचे. त्याच चिंचोक्यातला पॉलिमर आज डोळ्यांत घालायच्या थेंबांत वापरतात. कारण तो डोळ्यावर टिकून राहतो.

यात भाव खाऊन गेली ती गवार. आपण शेंगांची भाजी करतो. राजस्थानात बिया दळून गवारीचा डिंक काढतात आणि जगातल्या गवारीच्या पिकात भारताचा वाटा सर्वांत मोठा आहे. आपली पाचक एन्झाइम्स हा डिंक तोडू शकत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू मात्र तो आवडीने खातात. विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठातल्या औषधशास्त्रज्ञांना यात संधी दिसली. त्यांनी गवारीच्या डिंकात किंचित किरणोत्सर्गी खूण मिसळून गोळ्या केल्या, त्या निरोगी स्वयंसेवकांना दिल्या आणि गॅमा कॅमेऱ्याने गोळीच्या प्रवासाची चित्रं काढली. १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जठरात आणि लहान आतड्यात गोळीच्या पृष्ठभागावरची थोडीशी खूण तेवढी सुटली. गोळी फुटली ती मोठ्या आतड्यात पोहोचल्यावरच. मोठ्या आतड्याला सूज किंवा जखमा असणाऱ्या रोग्याला औषध तिथेच हवं असतं, वाटेत रक्तात मिसळून वाया गेलेलं नको असतं. ज्या बियांकडे आपण भाजी जून झाली म्हणून नाक मुरडून बघतो, त्यांनी पत्ता बरोबर शोधला!

इन्सुलिनचं काम मात्र एवढ्यावर भागत नाही. अंगरखा त्याला आतड्यापर्यंत सुखरूप नेईल, पण भिंतीपाशी उतरवून निघून जाईल. पुढे काय?

केसाच्या जाडीत चारशे

इथे नॅनोकण येतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. औषध वाहणारा कण शंभर ते तीनशे नॅनोमीटरचा करतात. दोनशेचा धरला, तर केसाच्या जाडीत चारशे कण ओळीने उभे राहतील. एवढा कण बुळबुळीत थरातून वाट काढू शकतो, भिंतीला चिकटून बसू शकतो, प्रसंगी एखाद्या पेशीने आत ओढूनही घेतला जातो.

असा कण बनवायची एक रीत तर ऐकायलाही सोपी वाटते. तपकिरी समुद्रशेवाळातून अल्जिनेट मिळतं. पाण्यात त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो. कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून कायटोसान मिळतं, त्याच्यावर धन. इन्सुलिन मिसळलेल्या अल्जिनेटच्या पातळ द्रावणात कायटोसान थेंबथेंब सोडत ढवळत राहायचं. धन-ऋण एकमेकांना धरतात आणि इन्सुलिनला पोटात घेऊन बारीक गोळे तयार होतात. जहाल रसायनं नाहीत, भट्टी नाही. कायटोसानची आणखी एक कला म्हणजे ते आतड्याच्या पेशींमधले घट्ट सांधे थोडा वेळ सैल करतं. (कवच आलं म्हणजे कण शाकाहारी राहिला नाही, हे खरं. म्हणून कुणी मक्यातल्या झीन या प्रथिनाचे, कुणी पेक्टिनचे, कुणी स्टार्चचे कण करून बघतात.)

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अशोक रायचूर यांच्या प्रयोगशाळेत अशाच पॉलिमरच्या नॅनोकुप्यांवर काम झालं आहे. दीपशिखा चक्रवर्ती यांच्या गटाबरोबर त्यांनी कायटोसान आणि डेक्स्ट्रान सल्फेट यांच्या कुप्यांत प्रतिजैविकं भरली. लक्ष्य होता पेशींच्या आत दडून बसणारा साल्मोनेला हा जंतू. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत उंदरांना नेहमीपेक्षा कमी औषध देऊनही कुप्यांमुळे चांगला परिणाम दिसला. अर्थात, उंदीर आणि माणूस यांच्यातलं अंतर औषधशास्त्रात फार मोठं असतं.

वनस्पतींच्या पॉलिमरचं कौतुक करताना त्यांची खोडही सांगायला हवी. कारखान्यात बनवलेलं प्लास्टिक दर वेळी सारखं निघतं. डिंकाचं तसं नाही. पाऊस कमी झाला, जमीन बदलली, शेंगा उशिरा तोडल्या की साखळ्यांची लांबी बदलते. एका पोत्यातला डिंक घट्ट, दुसऱ्यातला पातळ. लाडवात हे चालून जातं. पण गोळीतून तासाला किती औषध पाझरायचं, हे ज्या डिंकावर ठरणार तो असा लहरी असेल तर? त्यात इन्सुलिनला चुकीला जागाच नाही. थोडं कमी पडलं तर साखर चढते, थोडं जास्त झालं तर साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. गिळलेल्यातलं आज शेकडा एक भाग रक्तात पोहोचलं आणि उद्या शेकडा दोन, तर बघणाऱ्याला फरक एकाचा दिसेल, पण रोग्याला डोस दुप्पट झालेला असेल.

बंगळुरूची गोळी

बायोकॉनने नॅनोकणांचा रस्ता धरला नव्हता. कंपनीने २००६ मध्ये नोबेक्स या अमेरिकन कंपनीकडून एक वेगळी युक्ती विकत घेतली. इन्सुलिनला बाहेरून कोंदण करण्याऐवजी इन्सुलिनच्या रेणूलाच पॉलिमरचं छोटं शेपूट जोडायचं. शेपटामुळे एन्झाइम्सना चावा घेणं जड जातं. जोडीला गोळीत सोडियम कॅप्रेट. खोबरेल तेलातही सापडणाऱ्या एका स्निग्धाम्लाचा हा क्षार आतड्याचे सांधे थोडा वेळ सैल करतो. जेवायच्या जरा आधी ही गोळी घ्यायची. तिचं नाव आयएन-१०५, पुढे इन्सुलिन ट्रेगोपिल.

गोळी शोषली जात होती, काम करत होती. जेवणानंतर उसळणारी साखर ती खाली आणत होती. सगळ्यांच्या नजरा भारतात चाललेल्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीकडे लागल्या होत्या. जानेवारी २०११ मध्ये निकाल आला आणि विरस झाला. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी जी तपासणी असते, त्या एचबीएवनसीमध्ये खरी गोळी घेणारे आणि खोटी गोळी घेणारे यांच्यात अपेक्षित फरक पडलाच नाही. कारण? खोटी गोळी घेणाऱ्यांचीही साखर अपेक्षेपेक्षा जास्त सुधारली होती! चाचणीत नाव घातलं, वरचेवर तपासणी होऊ लागली की माणूस आपोआप पथ्य पाळू लागतो, चालायला जाऊ लागतो, असं अनेक चाचण्यांत दिसतं. रोग्यासाठी हे उत्तमच. पण नव्या औषधाची उडी मोजणं त्यामुळे अवघड होऊन बसतं.

कंपनीने काम सोडलं नाही. २०१२ मध्ये ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या अमेरिकन कंपनीशी या गोळीबाबत करार झाला, त्यानंतरही चाचण्या झाल्या. पण औषधाच्या दुकानात जाऊन ती मागता येईल, अशी वेळ आलेली नाही.

याला बंगळुरूचं अपयश म्हणणं अन्यायाचं होईल. इन्सुलिनच्या धंद्यातली दादा कंपनी, डेन्मार्कची नोवो नॉर्डिस्क, हिलाही याच भिंतीने अडवलं. तिच्या गोळीची पन्नास रोग्यांवर आठ आठवडे चाचणी झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल चक्रावणारा आहे. गोळीने साखर इंजेक्शनइतकीच काबूत ठेवली. म्हणजे गोळी जिंकली! तरी कंपनीने ती सोडून दिली. बहुतेक इन्सुलिन वाटेतच वाया जात असल्याने गोळीत इतकं इन्सुलिन भरावं लागत होतं, की ते परवडणारं नव्हतं.

नॅनोकणांवाल्यांनी मात्र हात टेकलेले नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि नॉर्वेतल्या संशोधकांनी असे कण जाहीर केले, ज्यांच्यावरचं आवरण रक्तातली साखर वाढलेली असेल तेव्हाच इन्सुलिन मोकळं करतं. साखर कमी असेल तर दार बंद. म्हणजे बेशुद्ध पडायचा धोकाही कमी. उंदरांनंतर हे इन्सुलिन बबून माकडांना दिलं, तेही बिनसाखरेच्या चॉकलेटमधून. माकडांनी ते मिटक्या मारत खाल्लं असणार.

या बातम्यांचा फायदा उठवणारेही असतात. ‘इन्सुलिनची सुट्टी’ करणारी पूड किंवा गोळी म्हणून जे काही जाहिरातींतून विकलं जातं, त्यात इन्सुलिन नसतं. टाइप वनच्या मुलाचं इन्सुलिन अशा भरवशावर थांबवलं, तर काही दिवसांतच, कधी कधी काही तासांतच प्रकृती जिवावर बेतेल इतकी बिघडते. सध्या तरी इन्सुलिनला पर्याय नाही.

आतड्याला चकवून गोळीच्या रूपात पोहोचलेला एक लांबचा नातेवाईक मात्र आहे. सेमाग्लुटाइड हे इन्सुलिन नव्हे, इन्सुलिनची जागाही घेत नाही. टाइप टू मधुमेहात स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला ते मदत करतं. तेही अमिनो आम्लांच्या माळेचंच. त्याची गोळी अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाली आणि भारतात २०२२ मध्ये आली. या गोळीतलंही जेमतेम शंभरातला एक भाग रक्तात पोहोचतो, बाकीचं पचून जातं. पण पोहोचलेलं औषध आठवडाभर रक्तात रेंगाळतं. त्यामुळे आज थोडं कमी, उद्या थोडं जास्त हा फरक आपोआप भरून निघतो. इन्सुलिनला ही सवलत नाही, त्याचं काम दर जेवणाचं. सेमाग्लुटाइडची अट एवढीच, की गोळी सकाळी रिकाम्या पोटी, अर्ध्या पेल्याहून जास्त नाही इतक्या साध्या पाण्याबरोबर गिळायची आणि नंतर अर्धा तास काही म्हणता काही घ्यायचं नाही. ती घेणाऱ्यांचा सकाळचा पहिला चहा त्यामुळे अर्ध्या तासाने लांबलेला आहे.